कलेक्टर घेताना सहावा महिना बघा

चांदे-नांदे परिसरातल्या मशीनिंग शेडचे मालक, प्लांट मॅनेजर आणि खरेदीवर सही करणारे सर्वजण यांस,



नवीन व्हीएमसी किंवा टर्निंग सेंटर आलं की पाठोपाठ ऑईल मिस्ट कलेक्टरची तीन कोटेशनं टेबलावर येतात. आपण दोन आकडे बघतो, सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) आणि किंमत. फार तर ९९ टक्के असं काहीतरी छापलेलं असतं, त्यावर बोट फिरवतो आणि सर्वांत खालचा भाव पास करतो. पण ते सगळे आकडे कोऱ्या फिल्टरचे असतात. सहा महिन्यांनी फिल्टर तेलाने जड झाला, त्यात बारीक चिप अडकली, की तोच पंखा किती हवा ओढतो हे कोटेशनमध्ये नसतं. मशीनपाशी उभा असलेला मुलगा श्वास घेतो तो मात्र त्या सहाव्या महिन्यातला. म्हणून हे पत्र.

आधी आपल्या मशीनमधून नेमकं काय उडतं ते बघा. पाण्यात मिसळलेलं कूलंट वापरून साधं टर्निंग चालू असेल, तर बहुतेक थेंब एक मायक्रॉनहून मोठे असतात. गरगर फिरणाऱ्या ड्रमचा सेंट्रिफ्यूगल कलेक्टर ते बऱ्यापैकी पकडतो. नीट ऑईलवर, म्हणजे पाणी न मिसळलेल्या तेलावर, ग्राइंडिंग किंवा जोरदार कटिंग असेल, तर तेल तापून त्याचा धूर होतो. हे कण एक मायक्रॉनच्या खूप खाली जातात आणि ड्रममधून बिनदिक्कत निसटतात. धुरासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक कलेक्टर चांगला, पण त्याच्या प्लेटा वेळच्या वेळी धुवाव्या लागतात. नाही धुतल्या तर पंखा चालू, दिवा हिरवा आणि तेल शेडमध्ये परत, असा प्रकार होतो. पाण्याचं मिस्ट आणि चिप आत गेली की हा कलेक्टर ठिणग्याही टाकू लागतो. माझं मत विचाराल, तर ज्या शेडमध्ये दर महिन्याला जॉब बदलतो आणि प्लेटा धुवायला ठरलेला माणूस नाही, तिथे तेल निथळून खाली येईल असे फायबरचे फिल्टर, शेवटी हेपा आणि दर्शनी भागावर प्रेशर गेज असलेलं यंत्र घ्यावं. महाग पडतं, पण त्याचं पोट भरलं की काटा सगळ्यांना दिसतो.

आता हवेचा हिशेब. सीएफएमचा आकडा विक्रेत्याने सांगायचा नाही, तो आपल्या मशीनच्या दारं-फटींवरून काढायचा. समजा एन्क्लोजरच्या सगळ्या उघड्या जागा मिळून ०.३ चौरस मीटर भरतात. मिस्ट बाहेर येऊ नये म्हणून तिथे आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर तासाला ५४० घनमीटर हवा ओढावी लागते, म्हणजे सुमारे ३२० सीएफएम. आतली जागा दीड घनमीटर असेल, तर ती हवा दर दहा सेकंदांनी एकदा बदलते. सायकल संपल्यावर अर्धा मिनिट थांबलं तर आतलं मिस्ट जवळपास पाच टक्क्यांवर येतं. पण आपल्याकडे सायकल संपताच दार उघडतं, कारण पीस-रेट तसा आहे. मग कितीही भारी कलेक्टर असो, पहिला भपका ऑपरेटरच्या तोंडावर. दाराला तीस सेकंदांचा इंटरलॉक लावायला पैसे फार लागत नाहीत, टार्गेटमध्ये ते तीस सेकंद धरायला मन लागतं.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम १४ मध्ये धूळ-धूर जिथे तयार होतो त्याच्या शक्य तितक्या जवळून ओढून घ्यावा आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असं लिहिलेलं होतं. त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत खनिज तेलाच्या मिस्टची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम दिली होती. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९८ साली मेटलवर्किंग फ्लुइडसाठी सुचवलेला आकडा ०.४ आहे, म्हणजे दहा पटींहूनही खाली. वीसपेक्षा कमी माणसांच्या शेडला कारखान्यांचे नियम लागत नाहीत, हे आपण जाणताच. फुफ्फुसांना ही सवलत नाही.

आणि धोका फक्त तेलाचा नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला कूलंटच्या टाकीतून जो कुजका वास येतो, तो जिवाणूंचा. बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिज इथल्या इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास ऐंशीहून अधिक कामगारांना दमा आणि फुफ्फुसांच्या सुजेचे आजार झाले. तपासात बोट गेलं ते दूषित फ्लुइडच्या मिस्टकडे. तेव्हा टाकी साफ न करता नुसता कलेक्टर बसवणं अर्धवट काम आहे.

आगीचंही बोलतो. नीट ऑईलवर ग्राइंडिंग असेल तर डक्टच्या आत तेलाचा थर बसतो आणि एक ठिणगी पुरते. स्पार्क अरेस्टर आणि डक्ट उघडून पुसण्याची सोय ऑर्डरमध्येच लिहून घ्या. उरवड्याची ७ जून २०२१ ची आग आपला मुळशी तालुका विसरलेला नाही. ती रसायनांच्या कारखान्यातली होती, पण तेलालाही पेटायला वेळ लागत नाही. भिजलेले फिल्टर आणि जुनं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते भाताच्या खाचराकडे जाणाऱ्या ओढ्यात किंवा भंगारवाल्याच्या टेम्पोत जाऊ नये. आणि कलेक्टरचं तोंड बाहेर काढून शेजारच्या पत्र्यावर सोडणं याला मी तरी मिस्ट पकडणं म्हणणार नाही.

विक्रेत्याकडे एवढं मागा: आपल्याच मशीनवर, आपल्याच कूलंटवर महिनाभर चाचणी. भरलेल्या फिल्टरवरचा सीएफएम लेखी. बदली फिल्टरची आजची किंमत आणि वर्षाला किती लागतील याचा अंदाज. हे द्यायला जो खळखळ करेल त्याचं कोटेशन बाजूला ठेवा, मग ते कितीही स्वस्त असो. आणि ऑर्डरवर सही करण्याआधी दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला बोलवा. गेज त्याला वाचता येतं का, फिल्टर काढायला शिडी लागते का, शिडी कुठे आहे, हे त्याला विचारा.

आपला,
चांदे गावातला एक रहिवासी