तान्ह्या पोळ्यातला उपग्रह

पांढुर्ण्याचे नाव निघाले की लोकांना आठवते ती गोटमार, जाम नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक. पोळ्याच्या त्याच दुसऱ्या दिवशी तिकडे तान्हा पोळाही असतो, हे आमच्या इंदुरात फारसे कुणाच्या गावी नाही. चाके लावलेले लाकडी बैल दोरीने ओढीत पोरे तोरणाखाली जमतात आणि मग घरोघर बोजारा मागत हिंडतात.

गेल्या पोळ्याला मी सौंसरला बहिणीकडे होतो. भाच्याला अंतराळयानांच्या धातूच्या प्रतिकृती जमवण्याचा नाद आहे. काचेच्या कपाटात गागारिनचे व्होस्तोक, अपोलोचे चांद्रयान, 1997 साली मंगळावर उतरलेली सोजर्नर गाडी, सारी ओळीने मांडलेली. त्याच्या सात वर्षांच्या मुलाने सकाळीच ते चांद्रयान काढून बैलाच्या पाठीवर सुतळीने बांधले. रंगाचा टवका उडाला आणि घरात रणकंदन झाले. “अरे, ते खेळणे नव्हे!” असे भाचा पुन्हापुन्हा ओरडत होता. पोरगे मुसमुसत होते. मला विचाराल तर मी पोराच्या बाजूचा.

या प्रतिकृतींची निंदा मला करायची नाही. पाय कुठे दुमडतात, शिडी कुठे आहे, हे सारे त्यांत चोख असते. पण त्या घडतात कशा? जस्ताचा वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरतात. साचा महाग, म्हणून हजारोंनी नग खपणार असतील तरच तो परवडतो. साहजिकच कपाटात येते ते जगाच्या बाजारात खपणारे. भाच्याच्या कपाटात आपले ‘आर्यभट’ नाही, 1975 साली सोव्हिएत भूमीवरून गेलेले ते सव्वीस पैलूंचे यान. ‘ॲपल’ही नाही.

‘ॲपल’ म्हणजे भारताचा पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह. 19 जून 1981 रोजी तो फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन अग्निबाणाने गेला. वजन 670 किलो. उड्डाणापूर्वी त्याच्या अँटेनाची चाचणी घेताना खालच्या गाडीच्या धातूचा अडथळा नको, म्हणून शास्त्रज्ञांनी तो चक्क बैलगाडीवर ठेवला. ते छायाचित्र दाखवून आपल्या दारिद्र्याची थट्टा करणारे मी पाहिले आहेत. त्या थट्टेचा मला राग येतो. गाडी लाकडाची होती म्हणूनच ती निवडली, यात लाजण्यासारखे काय? पुढे अवकाशात त्याचा एक सौरपंखा उघडला नाही, तरी उपग्रहाने दोन वर्षांहून अधिक काळ काम दिले.

आता सांगा, बैलगाडीवरचा उपग्रह तान्ह्या पोळ्यात नाही शोभायचा तर कुठे? लाकडाला साचा लागत नाही. एकच नग करायचा तरी सुताराचे अडत नाही. भाचा म्हणतो, लाकडात बारकावे येणार नाहीत. न येवोत थोडे! दोरी बांधून ओढता तर येईल.

परतण्यापूर्वी मी बैल घडवणाऱ्या सुताराकडे जाऊन ते छायाचित्र दाखवले. त्याने चष्मा वर सारून ते बराच वेळ न्याहाळले. म्हणाला, “बैलांचं मी पाहतो. त्या पेटीचं माप तेवढं आणून द्या.”

माप धाडले आहे. बोजारा कुणी मागायचा, यावरून मात्र बापलेकांत अजून वाद आहे.