शाकारणीचा विसर

लक्ष्मीबाई नगर ही दिल्लीतील सरकारी नोकरांची वसाहत. तेथील एका मराठी घरी गणपतीच्या दर्शनास गेलो असता मखराच्या जागी पुठ्ठ्याचा वाडा मांडलेला दिसला. दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, सुरूदार खांब, महिरपी, सारे मोठ्या हौसेने कापून चिकटवले होते. खोट एकच होती. खांब थेट जमिनीत रोवलेले होते. त्यांच्याखाली तळखडा नव्हता. लाकडी खांब मातीत रोवला तर तो ओल शोषतो आणि काही पावसाळ्यांत त्याचा पाय कुजतो. म्हणून खांब आणि जमीन यांच्यामध्ये घडीव दगड बसवतात, तो तळखडा. पुठ्ठ्याच्या खांबाला ओलीचे भय नसते, हे मान्य. पण त्या घरच्या मुलांनी वाडा कधी पाहिलेला नव्हता. पुस्तके, नाटके आणि मालिका यांतून जो त्यांच्या मनात उतरला, तो त्यांनी उभा केला. येथे मराठी समीक्षेची, म्हणजे माझीही, जबाबदारी सुरू होते. गेल्या अर्धशतकात आपण वाङ्मयात जो वाडा बांधला, त्यालाही तळखडा नाही.

आपल्या समीक्षेस वाडा म्हटला की प्रतीक सुचते. सरंजामशाहीचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाचे विघटन, मूल्यांची पडझड. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून विद्यापीठांतून त्यावर लिहिले गेलेले प्रबंध चाळले तर वाडा हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतो, तुळई मात्र एकाही पानावर नाही. नाटक थोर आहे; दोष नाटककाराचा नव्हे. (शीर्षकातदेखील चिरा आहे, लाकूड नाही, हे जाता जाता नोंदवतो.) दोष आपल्या क्रियापदांचा आहे. आपल्या लेखनात वाडा पडतो, खचतो, ओसाड होतो, काळाच्या उदरात गडप होतो. सारी क्रियापदे अकर्मक. जणू या घटनेला कर्ता नाहीच. ऋतू पालटावा तसा वाडा पालटला. माझे म्हणणे असे की ही क्रियापदे खोटी आहेत, आणि ती आपण सोयीसाठी वापरली आहेत.

देशावरील वाडा म्हणजे मुळात लाकडाचा सांगाडा. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट; माळा आणि छप्पर यांचा भार या सांगाड्यातून खाली उतरतो, आणि भिंत बहुतांशी आडोशाचे काम करते. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणल्याचे सांगतात. १८२८ च्या आगीत ते लाकूड गेले. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. आपण जोत्यांना वाडा म्हणतो. उलट बाजूचा दाखला किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचा मातीचा भार यांनी हजारो माणसे गाडली. पण कित्येक घरांचे लाकडी खांब आणि तुळया, भिंती ढासळल्यावरही, जागच्या जागी उभ्या होत्या. त्या भूकंपावर मराठीत पुष्कळ कविता झाल्या. त्या उभ्या खांबांविषयीची एखादी ओळ माझ्या वाचनात आलेली नाही.

लाकूड अल्पायुषी असते, हा या वादातील सर्वांत लाडका युक्तिवाद. नॉर्वेत मध्ययुगात लाकडी चर्चे बांधली गेली. ज्यांचे खांब जमिनीत पुरले होते ती कुजून नाहीशी झाली. ज्यांचे खांब दगडी पायावरच्या आडव्या लाकडी चौकटीत बसवले, त्यांपैकी २८ आजही उभी आहेत, आणि उर्नेस येथील चर्च बाराव्या शतकातले आहे. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा उभारतात. शेवटचे पुनर्निर्माण २०१३ मध्ये झाले. तेथे लाकूड टिकवण्यापेक्षा सुताराचा हात टिकवण्याची चिंता अधिक आहे. हिमाचलातील लाकूड आणि दगड यांच्या आलटून-पालटून थरांची घरे तर दिल्लीहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. लाकूड ओले राहिले की मरते, कोरडे राहिले की जगते. बाकी सारी तत्त्वचर्चा.

ते कोरडे ठेवण्याच्या कामाला मराठीत एक नेमका शब्द आहे: शाकारणी. वैशाखात कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा तपासायच्या, वाळवीची माती खरवडायची, पन्हळी साफ करायच्या, आणि मृगापूर्वी घर पुन्हा झाकायचे. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला चोपडीत. चुलीचा धूर वर जाऊन वासे काळे करी आणि किडीला दूर ठेवी. गॅस आल्यावर धूर थांबला (बायकांच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी ते उत्तमच झाले), पण धूर जे काम फुकट करीत होता ते आता हाताने करावे लागेल, हे कोणी घरमालकास सांगितले नाही. खांबाचा पाय कुजला तर वरचा भार टेकूवर घेऊन सुतार तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधतो. अख्खा खांब बदलत नाही. आपण मात्र सिमेंट थापले. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीत श्वास घेत होते. सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडली, आणि टोक आतल्या आत सडले. बाहेरून भिंत नवी दिसत राहिली.

भाषेने हे सारे सांभाळून ठेवले आहे, ही विलक्षण गोष्ट. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. त्याच मापाने घर सांगत. हा अर्थ मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) नोंदलेला आहे. आजच्या विद्यार्थ्याला खण चोळीचा आणि टेबलाचा तेवढा ठाऊक. घर फिरले की वासे फिरतात, असे आपण माणसांच्या कृतघ्नतेविषयी म्हणतो. पण आढे खचले की वासे खरोखरच जागा सोडतात, आणि म्हण रचणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिले होते. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला निदान वासे दिसत होते.

मग वाडे गेले कसे? कर्ते सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखली; भाडेकरूला संरक्षण मिळाले ते न्याय्यच, पण डागडुजीचा खर्च कोणाच्याच पदरी उरला नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने पुण्यातील नदीकाठच्या पेठांतले वाडे नेले. उरलेल्यांचे काम चटईक्षेत्राच्या हिशेबाने केले. आणि वारसांनी. वाईजवळ आमचा सात खणांचा वाडा होता. २००३ मध्ये तो अकरा वारसांच्या सह्यांनी विकला गेला. त्यांत माझी सही आहे. त्यानंतर मी एक ललित लेख लिहिला, तो वाखाणलाही गेला. त्यात ‘काळाने गिळलेले घर’ असा शब्दप्रयोग आहे. काळाने काहीही गिळले नव्हते. दक्षिणेकडची पन्हळ आम्ही एकोणीस वर्षे दुरुस्त केली नव्हती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. वाडा कोणाचा? त्याच्या माजघरात केशवपन केलेल्या विधवा बसल्या. त्याच्या देवडीबाहेर महार-मांग उभे राहिले. दया पवारांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) बलुतेदारीचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणाला उरलेला नाही. मला तो नकोच आहे. पण वाडा पाडल्याने ही जुनी बाकी फिटली काय? तुळया पाडकामवाल्याने विकत घेतल्या. त्यांतल्या काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मेज म्हणून पोहोचल्या. ज्या सुताराच्या घराण्याने त्या घडवल्या, त्याला पूर्वी धान्याचे चार पसे मिळत, आता तेही नाहीत. मालकाचे नाव वाड्याला राहिले, घडवणाऱ्याचे कशालाच नाही. वाड्याला केवळ प्रतीक मानणारी समीक्षा आणि त्याला केवळ भूखंड मानणारा विकासक, या दोघांच्याही हिशेबात तो सुतार नाही. या एका बाबतीत त्यांचे एकमत आहे.

म्हणून माझी मागणी संग्रहालयांची नाही, आणि सागाच्या रंगाचे सिमेंटी खांब मिरवणाऱ्या ‘वाडा संस्कृती’ नामक उपाहारगृहांची तर नाहीच. मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी वैशाखात आपले विद्यार्थी एका शाकारणीला पाठवावेत. सुताराला व्याख्यात्याच्या दराने मानधन द्यावे, त्याचे नाव प्रबंधाच्या पहिल्या पानावर छापावे, आणि त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ‘वाडा चिरेबंदी’ त्यानंतर शिकवावे. जून उजाडण्यापूर्वी हे करावे लागते. कौले उतरवल्यावर पाऊस आला तर घर भिजते.