कागदाच्या काठापर्यंत छपाई

घरात बाप्तिस्मा असो, लग्न असो वा कोणा वडीलधाऱ्यांच्या वर्षाची मिस्सा असो, त्या प्रसंगाची पत्रिका घरच्याच मुलाने अगर मुलीने संगणकावर तयार करावी, अशी रीत आता गावोगावी पडली आहे. रीत चांगली आहे. खर्च वाचतो आणि मजकूर मनाजोगता होतो. परंतु एक तक्रार आमच्या कानी वरचेवर येते. पडद्यावर चित्र कागदाच्या चारही कडांना भिडलेले दिसते. छापून हाती येते तेव्हा मात्र सभोवार वेडीवाकडी पांढरी पट्टी उरलेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, कडेला घातलेले दिवंगताचे नावच अर्धे कापले गेलेले असते. शंभर प्रती निघाल्यावर हे ध्यानी आले, तर कागद, शाई व पैसा ही तिन्ही वाया जातात, आणि मिस्सा तर उद्यावर आलेली असते. म्हणून या गोष्टीचे कारण व उपाय आज पाहू.

लेझर यंत्रात टोनर नावाची कोरडी पूड कागदावर बसते व तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून चिकटते. ती थेट कडेपर्यंत पसरली, तर कागदाबाहेर सांडून यंत्राचे अंतरंग मळेल. शिवाय कागदाची पुढची कडच रुळाला चिकटून कागद अडकेल. म्हणून बहुतेक लेझर यंत्रे कडेपासून सुमारे ४ मिलिमीटर जागा कोरी सोडतात. 'वर्ड'मध्ये आपण समास शून्य केला, तरी यंत्र तो मानीत नाही. समास छपाईच्या हद्दीबाहेर गेले आहेत, अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. ती डावलून पुढे गेले की कडेचा मजकूर कापला जातो. हे बंधन काही नवे नव्हे. जुन्या छापखान्यांतही यंत्राच्या चिमट्यांना कागद धरता यावा, म्हणून एक कड मोकळी ठेवावी लागे. ऑफसेट यंत्रावर आजही ठेवावी लागते.

शाईच्या, म्हणजे इंकजेट यंत्रांपैकी काहींत 'बॉर्डरलेस' अशी सोय असते. तेथे यंत्र चित्र किंचित मोठे करून कागदाच्या कडेबाहेरही शाई उडविते. बाहेर पडलेली शाई आतील शोषक गादीत मुरते. चित्राची थोडी कड यात जातेच, आणि ही सोय यंत्राने मान्य केलेल्या ठराविक मापांच्या कागदांपुरतीच असते. एखाद्या फोटोसाठी ती उत्तम. शंभर पत्रिकांसाठी खर्चाची.

मग छापखान्यातून काठोकाठ रंगलेले कार्ड कसे येते? उत्तर सोपे आहे. ते मोठ्या कागदावर छापून मग कापलेले असते. कापताना सुरी केसभर सरकली तरी पांढरी रेघ दिसू नये, म्हणून रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर नेतात. या वाढाव्याला छापखान्यात 'ब्लीड' म्हणतात. 'वर्ड'मध्ये त्यासाठी वेगळी सोय नाही. पानाचे मापच वाढवावे लागते. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. त्यासाठी पान २१६ × ३०३ करावे. चित्र या मोठ्या पानभर ताणावे. अक्षरे मात्र त्याच्या कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत ठेवावीत. मग पीडीएफ करून, 'कापून ए-४ करावयाचे' असे स्पष्ट सांगून छापखान्यात द्यावे.

घरच्या लेझर यंत्रावरही लहान कार्डे अशीच होतात. ए-६ मापाची, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरची चार कार्डे ए-४ कागदावर तंतोतंत बसतात; पण म्हणूनच वाढाव्यास जागा उरत नाही. तेव्हा कार्ड आडवे धरून, वाढाव्यासह १५४ × १११ मापाची दोनच कार्डे एकाखाली एक, मध्ये थोडी जागा सोडून मांडावीत. कोपऱ्यांबाहेर कापण्याच्या बारीक खुणा कराव्यात. छापताना 'कागदात बसवा' असा पर्याय न घेता मूळ मापच ठेवावे, अन्यथा सारी मापे आकसतात. बाइंडिंगवाल्याकडील कटिंग मशीनवर कार्डे कापून घेणे उत्तम; घरी कापावयाची तर पोलादी पट्टी व धारदार पाते घ्यावे, कात्री नको. आणि कडेलगत चौकट आखू नये. कापताना एका मिलिमीटरचा फरक पडला, तरी चौकट एकीकडे जाड व दुसरीकडे बारीक दिसते.

इतका खटाटोप नको असेल, तर समास मुद्दामच ठेवावा. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्झ येथे छापलेल्या बायबलाच्या पानांना रुंद समास आहेत. काही प्रतींत त्या समासांत पुढे चित्रकारांनी हाताने वेलबुट्टी रंगविली. चारही बाजूंस सारखी १२ मिलिमीटर कोरी जागा सोडली, तर पत्रिका नेटकी दिसते आणि कोणत्याही यंत्रावर निघते. स्मरणपत्रिकेस तर आम्ही हाच मार्ग सुचवू. मग वडिलांचे नाव सुरीच्या वाटेत येण्याचे भय राहत नाही.

कोणताही मार्ग घ्या. आधी एकच प्रत काढावी, कापावी, आणि सर्व नावे व तारखा घरातील जाणत्या माणसाकडून वाचवून घ्याव्यात. उरलेल्या प्रती त्यानंतर.