ढग खोकतोय

एक प्राध्यापक मित्र म्हणाला, 'संगणकाचं सगळं आता ढगात असतं. त्याला धूर नाही.' मी म्हटलं, साहेब, एकदा माहुलला चला. ढग कसा खोकतो ते दाखवतो.

मी गोदीतला. समुद्रातून काय येतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. समुद्राखालच्या केबली वर्सोव्याला वर निघतात, म्हणून ऐरोली, रबाळे, महापेला डेटा सेंटरं उगवली. त्याच समुद्रातून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राला कोळसा येतो. ही कोळशाची भट्टी बंद व्हायची होती. 2023 साली निर्णय फिरला. विजेची मागणी वाढली म्हणे! कुणाची मागणी?

हिशेब करा. 100 मेगावॉटचं एक सेंटर पूर्ण भारानं चाललं तर रोज 24 लाख युनिट गिळतं. आपल्या खोलीला महिन्याला 100 युनिट धरा. एका सेंटरच्या पोटात 7 लाख 20 हजार खोल्या गेल्या. आणि हे रात्रीही झोपत नाय. सूर्य झोपतो. मग रात्रीला कोळसा.

आयर्लंडात 2023 साली 21 टक्के वीज डेटा सेंटरांनी खाल्ली. तिथल्या शहरांतल्या सगळ्या घरांना मिळून 18. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टनं 2024 साली थ्री माइल आयलंडची बंद पडलेली अणुभट्टी आपल्यापुरती चालू करून घ्यायचा करार केला. त्यांना अणुभट्टी विकत मिळते. आपल्याला मीटर तोडायची नोटीस मिळते.

आणि धूर कुणाच्या वाट्याला? 2017 साली तानसाच्या पाइपलाइनकडेच्या झोपड्या तोडून माणसं माहुलला नेऊन टाकली. धूर सोसायला जागा ठरलेली, माणसंही ठरलेली. ही नवी गावकुसाबाहेरची वस्तीच की!

आपल्यातले काही म्हणतात, यंत्रच फोडा. खोटं! 1943 साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी स्वस्त नि मुबलक वीज मागितली. वीज आली तर कारखाने, कारखाने आले तर गावगाड्यातून सुटका, हा त्यांचा हिशेब. मला यंत्र हवंय. त्याचं बिल माहुलच्या फुप्फुसांवर नकोय. ज्याला सेंटर बांधायचंय त्यानं रात्रीची वीजही सूर्याचीच, साठवून आणावी. आपल्या खर्चानं.

वीजदराच्या सुनावणीत नियामक आयोगापुढं कुणालाही हरकत घेता येते. माझी लिहून तयार आहे. शुद्धलेखन कच्चं आहे. कुणी तपासून देईल का?