दिसत नाही ती धूळ मोजा. नाहीतर कोळसा वर येणार नाही

जाहीर इशारा
प्रति : विदर्भातील भूमिगत कोळसा खाणींची व्यवस्थापने
प्रत : खाण सुरक्षा महासंचालनालय

आजपासून १४ दिवस. तेवढ्यात खालच्या पाच मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत, तर पंधराव्या दिवशी पहिल्या पाळीला कोळसा काढायला कोणीही खाली उतरणार नाही. संपाआधी कायद्याने द्यावी लागणारी नोटीस ती हीच.

"पाणी मारलंय, धूळ बसली, लागा कामाला," हे यापुढे चालणार नाही. ब्लास्टिंगनंतर डोळ्यांत खुपते, दाताखाली कचकचते ती जाड धूळ. ती नाकाघशात अडकते आणि काळ्या बेडक्यातून बाहेर पडते. खरा घात करते ती १० मायक्रॉनच्या खालची. त्यातही ४ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथेच ठाण मांडतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा ‘हवा स्वच्छ दिसते’ हा पुरावा आम्ही मानत नाही.

ही धूळ लवकर बसतही नाही. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कोळशाचा कण माणसाच्या उंचीवरून सात-आठ मिनिटांत खाली येतो. १ मायक्रॉनच्या कणाला दहा तास लागतात. पाळी आठ तासांची असते आणि खाणीतली हवा कधी थांबत नाही. फेसवर उडालेली धूळ रिटर्नच्या बाजूला राबणाऱ्याच्या छातीत जाते.

वजनाची मखलाशीही आम्हाला कळते. १० मायक्रॉनचा एक कण १ मायक्रॉनच्या हजार कणांएवढा भरतो. सगळी धूळ एकत्र तोलली की काटा जाड कणच हलवतात. भसाभस पाणी मारून जाड धूळ बसवली की आकडा उतरतो; बारीक कण मात्र मोठ्या थेंबांना वळसा घालून हवेतच राहतात. कागद सुधारतो, छाती नाही.

वर्धा खोऱ्यात कोळशावर वालुकाश्म आहे. रूफ बोल्टिंगसाठी त्यात कोरडे भोक पाडले की सिलिका उडते. धुळीत मुक्त सिलिका ५ टक्क्यांवर गेली की धुळीची कायदेशीर मर्यादा आणखी खाली येते. अशा धुळीने फुप्फुसाला जडणाऱ्या न्यूमोकोनिओसिसवर औषध नाही. खाण सोडल्यावरही तो वाढू शकतो.

मागण्या :

१. नमुना कामगाराच्या श्वासाजवळ, पूर्ण पाळीभर, यंत्रे चालू असताना घ्यावा. बारीक धूळ वेगळी काढणारा सायक्लोन बसवलेला ग्रॅव्हिमेट्रिक सॅम्पलरच वापरावा. नमुना घेताना कामगारांचा प्रतिनिधी हजर हवा.
२. धुळीचा आकडा, सिलिकेची टक्केवारी, जागा आणि तारीख पिट ऑफिसबाहेरच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लावावी.
३. छतातले ड्रिलिंग ओलेच व्हावे. कापणीच्या दातांजवळ बारीक थेंबांचे फवारे हवेत.
४. ब्रॅटिस आणि सहायक पंखा फेसपर्यंत पोचले पाहिजेत. मर्यादा ओलांडली तर धूळ आटोक्यात येईपर्यंत त्या जागी काम बंद.
५. छातीचा एक्स-रे आयएलओच्या वर्गीकरणानुसार वाचावा आणि त्याची प्रत कामगाराच्या हाती द्यावी. ठेकेदाराच्या कामगारालाही हेच लागू.

"धुळीशिवाय कोळसा निघतो का?" असे कोणी विचारले, तर उत्तर तयार आहे. फेब्रुवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात सुमारे ४० हजार खाण कामगारांनी याच आजारासाठी काम थांबवले. त्याच वर्षी तिथे देशाचा कायदा झाला. २०१६ पासून तिथली मर्यादा घनमीटरला दीड मिलिग्रॅम आहे, आणि कोळसा आजही निघतो.

कामगार बांधवांनो, तुम्हालाही बजावतो. नाकाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही. टनेज भरण्यासाठी कोरडे भोक पाडू नका; ओव्हरमनने सांगितले तरी नाही. फलकावर आकडा नसेल तर रोज विचारा, आणि एकट्याने विचारू नका.

मुदत वाढवून मिळणार नाही. बोलणी करायची तर या १४ दिवसांत, मोजणीचे कागद समोर ठेवून करा. पंधराव्या दिवसापासून पंप आणि पंख्यांवरचे साथी कामावर राहतील, कारण खाण बुडवायची नाही आणि आत वायू साचू द्यायचा नाही. बाकी सगळे काम बंद.

— समस्त भूमिगत खाण कामगार