रफूचे पैसे पुरे द्या



"तीन भोकं बुजवायला बाराशे रुपये? तेवढ्यात नवी साडी येते की!" हे वाक्य मी लग्नघरात ऐकलंय, मंदिराच्या ओसरीवर ऐकलंय, महिला मंडळात तर कितीदा तरी. बोलणारीचा सूर नेहमी असा, की रफूवाले चाचा किंवा शिवणाऱ्या ताई आपल्याला लुटायलाच बसल्या आहेत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जुन्या कपड्याच्या दुरुस्तीला आपण देतो ते पैसे जास्त नाहीत, कमीच आहेत. आणि ते देताना कुरकुर करणाऱ्या आपण रोज अपरिग्रहाच्या गोष्टी करणाऱ्या बायका आहोत, हे मला फार खटकतं.

आधी हिशेब मांडू. बाराशे रुपयांत काय काय होतं ते बघा. रफू करणारा माणूस पहिल्यांदा साडी उजेडात धरून तिची वीण बघतो. मग साडीच्या ज्या टोकाला आपण आत खोचतो, जे कुणाला दिसत नाही, तिथून तो ताण्याचे आणि बाण्याचे धागे एकेक करून ओढून काढतो, कारण पन्नास वर्षांपूर्वीचा तो रंग बाजारातल्या कुठल्याच रिळात मिळत नाही. मग भोकाच्या आधी उभे धागे भरायचे, त्यातून एक वर एक खाली असे आडवे धागे न्यायचे. जुनं रेशीम जरा ओढ बसली की तुटतं. म्हणजे हात हलका हवा, डोळे शाबूत हवेत आणि घाई तर अजिबात नको. रुपयाएवढ्या एका भोकाला अर्धा दिवस सहज जातो. अशी तीन भोकं आणि बाजूचं विरलेलं थोडं सांभाळून घेणं, हे दोन दिवसांचं काम. दिवसाला सहाशे रुपये झाले. आमच्याकडे भिंत बांधणारा गवंडी दिवसाला याहून जास्त घेतो, आणि तो लुटतोय असं कुणी म्हणत नाही. लग्नात नवरीला दोन तासांत तयार करणाऱ्या ब्युटिशियनला आपण आठ-दहा हजार हसत हसत देतो. संध्याकाळी तोंड धुतलं की ते काम संपतं. रफू मात्र पुढची वीस वर्षं टिकतं, आणि त्याच्याशी आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

याचं एक कारण मला असं वाटतं की चांगलं रफू दिसतच नाही. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आले आहेत. त्यांच्या कामाची परीक्षा काय, तर शाल हातात घेणाऱ्याला ती कधी फाटली होती हे कळता कामा नये. विणकराचं कौतुक होतं, भरतकाम करणारीचं होतं. दुरुस्ती करणाऱ्याचं काम जितकं चांगलं, तितकं ते नजरेआड. मग आपल्याला वाटतं, यानं केलं तरी काय?

ब्लाउजचंही तसंच. "नुसती शिलाई तर उसवायचीय, दोनशे रुपये कसले?" अहो, शिवण्यापेक्षा उसवायला वेळ जास्त लागतो. अस्तराचा जुना ब्लाउज असेल तर अस्तर वेगळं करायचं, बाही काढायची, काखेतली शिवण खोलायची, आत सोडलेली माया किती आहे ते बघायचं, जुन्या टाक्यांची भोकं दिसू न देता नवी टीप घालायची आणि पुन्हा सगळं जागेवर बसवायचं. आपल्या आईच्या काळातल्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना चांगली एकेक इंच माया असायची. शिवतानाच धरून चालायचं की बाई पुढे भरेल, बाळंतपण होईल, ब्लाउज मोठा करावा लागेल. आजच्या रेडिमेड ब्लाउजला बहुतेक वेळा मायाच नसते. तो अंगाला होईनासा झाला की टाकायचा, असंच त्याच्या शिलाईत ठरलेलं असतं.

आता "तेवढ्यात नवी साडी येते" याकडे वळू. येते, खरं आहे. पण कोणती? आजीच्या शालूच्या काठात खरी जर आहे. म्हणजे चांदीची तार चपटी करून धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. बाराशेच्या साडीतली जर प्लास्टिकची असते. आजीची पैठणी असेल तर तिच्या पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या छोट्या कांड्या हातानं फिरवून विणलाय. तिचं इरकल असेल तर त्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे लावून फासे घालून जोडलेत. अशी साडी आज नव्यानं विणून घ्यायची तर काय पडेल, त्याच्याशी दुरुस्तीचा खर्च ताडून बघा. आजोबांनी ती साडी तीनशे रुपयांत आणली होती म्हणून तिच्या रफूला तीनशेहून जास्त देणार नाही, हा कुठला हिशेब? तीनशे रुपये त्या काळचे आणि रफू करणाऱ्याच्या घरचा गॅस या काळचा.

नवं स्वस्त का वाटतं, याचं उत्तर अवघड नाही. कापड आता यंत्रावर निघतं, तासाला मीटरच्या मीटर. दुरुस्तीला यंत्र नाही. प्रत्येक साडीचं दुखणं वेगळं. तिथे माणसाचा वेळच लागतो, आणि माणसाच्या दिवसाची किंमत वाढली आहे. ती वाढायलाच हवी होती. आपल्या मुलांचे पगार वाढले की आपण मंदिरात श्रीफळ वाहतो. रफूवाल्याचे वाढले की लगेच महागाई आठवते.

आमच्या नात्यातल्या एका घरी सासूबाईंचा लग्नातला शालू होता. घडीवर चिरलेला, बाकी काठ-पदर ठणठणीत. घडीमागे नेट लावून, रफू करून, पॉलिश करून अठ्ठावीसशे रुपये सांगितले. "एवढे कोण घालवणार" म्हणून तो शालू जर विकत घेणाऱ्याला वजनावर दिला. तो माणूस शालूचं काय करतो, ठाऊक आहे ना? चांदी काढायला जाळतो. त्याच घरानं पुढच्या महिन्यात बस्त्यात चौदा हजारांचा नवा शालू घेतला. अठ्ठावीसशे जड झाले, चौदा हजार झाले नाहीत. जे जाळलं जात नाही, ते बोहारणीकडे एका पातेल्यावर जातं. आणि असलंच एखादं जुनं कापड पुढे मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात 'व्हिन्टेज' म्हणून टांगलेलं दिसलं, की आपणच तिथे दहापट पैसे मोजून त्याची ओढणी घेतो.

आता आपल्या धर्माचं बोलते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यातला फरक सांगितला आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरला जातो तो उपभोग, आणि त्याचं उदाहरण म्हणून तिथे आलंय ते वस्त्रच. स्वाध्यायात हे आपण सगळ्यांनी वाचलंय. आणि वागतो कसं? रिसेप्शनला नेसलेली साडी फोटोत आली म्हणून पुन्हा नेसायची नाही. म्हणजे आचार्यांनी उपभोगात घातलेलं वस्त्र आपण भोगात नेऊन बसवलं. जेवलो, पत्रावळ टाकली, तसं. आपल्या आज्या वेगळ्या होत्या. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायच्या, आणखी विरलं की त्याची बाळाला झबली, मग वाकळ, शेवटी पोतेरं. वस्त्र उपभोगात ठेवायचं तर मधेमधे दुरुस्ती लागणारच. तिचे पैसे म्हणजे त्या व्रताचाच खर्च आहे असं मी धरते.

रेशमाचं तर जास्तच. कोशातून सलग धागा निघावा म्हणून आतला जीव बाहेर यायच्या आधीच तो कोश वाफेत, उकळत्या पाण्यात जातो. एका साडीमागे असे हजारो कोश. ज्यांनी रेशीम पूर्ण सोडलंय त्या भगिनींना माझा नमस्कार, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो, कंदमुळाला हात न लावणाऱ्या आणि दर लग्नसराईत चार नव्या रेशमी साड्या घेणाऱ्या आपल्यातल्या कित्येकींशी. कृत, कारित आणि अनुमोदना हे तिन्ही आपल्याला पाठ आहेत. नवी घेतली की दुकानदार पुढची मागवतो, हे कारित नाही तर काय? जुनी रफू करून नेसली तर नवा एकही कोश उकळत नाही. रफूचा धागासुद्धा त्याच साडीतून निघतो.

यावर तीन गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, "पूजेला सांधलेलं वस्त्र चालत नाही." बरोबर आहे, अभिषेक-पूजेचं वस्त्र वेगळं, शुद्ध आणि अखंड ठेवा, ते मोडा असं मी म्हणत नाही. पण आपल्या कपाटातल्या किती साड्या पूजेच्या आहेत? दुसरी, "जुन्या साडीत जीव अडकवणं हे ममत्वच." मग ती दुरुस्त करून भाचीला द्या, सुनेला द्या, नेसणाऱ्या कुणालाही द्या. फाटकी तशीच कपाटात पंधरा वर्षं ठेवली तर तिचा उपभोगही नाही आणि त्यागही नाही, नुसता परिग्रह आहे. तिसरी, "सगळ्यांना परवडत नाही." ज्यांना खरंच परवडत नाही त्या घरीच सुई-दोरा घेऊन बसतात, त्या रफूवाल्याशी भांडायला जात नाहीत. भांडतात त्या भरल्या कपाटाच्या.

सगळंच दुरुस्त होतं असंही नाही. रेशीम सगळीकडून विरलं असेल, हात लावला की चिरत असेल, तर त्यात पैसे घालू नका. चांगला कारागीर हे स्वतःच सांगतो. त्याचे काठ-पदर काढून साध्या सुती साडीला लावता येतात. त्याचीही मजुरी लागेल, तीही द्या.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. काम देताना दर आधी विचारा, पटला तर द्या, न पटला तर साडी परत आणा, पण काम झाल्यावर पैसे कापू नका. लग्नाच्या आदल्या आठवड्यात घाई करत जाऊ नका, चातुर्मासात द्या, तेव्हा त्यांनाही काम हवं असतं. नवा ब्लाउज शिवताना माया सोडायला सांगा. जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी काढून घडी बदला, कारण साडी चिरते ती नेहमी जुन्या घडीवरच. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवा. कसर लागल्यावर मारत बसण्यापेक्षा ती लागूच न देणं हाच आपला यत्नाचार.

आमच्या बाजारपेठेत पूर्वी रफूची तीन दुकानं होती, आता एक आहे. त्या चाचांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. बापाच्या दोन दिवसांच्या कामाला बायका किती देतात हे त्यानं लहानपणापासून बघितलंय, मग त्यानं ही सुई का धरावी? चाचांचे डोळे अजून दोन-चार वर्षं साथ देतील. त्यानंतर तुम्ही तीन हजार द्यायला तयार झालात तरी घेणारं कुणी नसेल.

दशलक्षण पर्व जवळ आलंय. त्याआधी एकदा कपाट उघडा, फाटक्या साड्या बाजूला काढा, दुरुस्तीला द्या आणि सांगितलेले पैसे पुरे द्या.

जय जिनेंद्र.