मुक्काम ठरलेला, चाल मोकळी

दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली, की गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत नाशिकच्या घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्या उत्साहाने चर्चेला येतो. मुलांना एखाद्या मोठ्या मनोरंजन उद्यानात न्यायचे, एवढ्यावर सर्वांचे एकमत असते. मतभेद होतो तो पुढच्या तजविजीवर. एका पक्षाचे म्हणणे असे, की निघण्याची वेळ, वाटेतला नाश्ता, उद्यानात शिरल्यावर कोणती राइड आधी आणि कोणती नंतर, जेवण किती वाजता आणि परत केव्हा फिरायचे, हे सारे कागदावर उतरल्याशिवाय घराला कुलूप लावू नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की वर्षभर शाळेच्या घंटेवर आणि कचेरीच्या हजेरीवर चालणाऱ्या माणसांनी सुटीतही वेळापत्रकाचीच ताबेदारी करायची असेल, तर सुटी घ्यावी तरी कशासाठी? दोन्ही पक्षांत घरातलीच शहाणी माणसे असतात, दोघांचाही हेतू निर्मळ असतो, आणि म्हणूनच हा वाद हसण्यावारी न नेता नीट तपासून पाहावा, असे मला वाटते.

मनोरंजन उद्यान ही मुळातच अत्यंत आखीव वस्तू आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कोपनहेगन शहरात १८४३मध्ये तिवोली नावाचे उद्यान सुरू झाले, ते आजही चालू आहे. आणि त्याच शहरातल्या टेलिफोन कंपनीत नोकरीस असलेल्या एर्लांग या गणितज्ञाने, मोजक्या तारा आणि केव्हाही येणारी असंख्य संभाषणे यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार करता करता १९०९मध्ये रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. आज जगातल्या कोणत्याही उद्यानात आपण किती वेळ उभे राहणार, हे ज्या हिशेबाने ठरते, त्याचे मूळ तेथे आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी खोट्या निमंत्रणपत्रिका घेऊन निमंत्रितांच्या जवळजवळ दुप्पट लोक आत शिरले, नव्याने घातलेले डांबर उन्हाने मऊ पडून त्यात पादत्राणे रुतली, आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय होऊ शकली नव्हती. त्या एका दिवसानंतर गर्दीची, सावलीची, पाण्याची आणि रांगेच्या वळणांची आखणी हा त्या धंद्याचा प्राण होऊन बसला. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४चे, गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९चे आणि खोपोलीचे इमॅजिका २०१३चे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून, लोकलने बोरिवली आणि तेथून होडीने खाडी ओलांडून गोराईला जाणाऱ्या नाशिककरांची एक सबंध पिढी आज स्वतःच्या मुलांना मोटारीत घालून खोपोलीची वाट धरते. म्हणजे जेथे आपण उत्स्फूर्त आनंदासाठी जातो, ते स्थळ कोणीतरी अगोदर फार बारकाईने योजलेले असते. तेव्हा योजना आणि आनंद यांचे हाडवैर आहे, हे म्हणणे पहिल्याच पायरीवर टिकत नाही.

शिवाय नाशिकहून जाणाऱ्याला तर योजनेवाचून गत्यंतरच नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाची धास्ती पुष्कळ ओसरली. तरीही खोपोलीपर्यंतचे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेर राहतेच. पहाटे निघायचे की आदल्या दिवशी जाऊन जवळपास मुक्काम करायचा, सुटीच्या ऐन रविवारी जायचे की अधल्यामधल्या वारी, वृद्धांची औषधे कोणाच्या पिशवीत राहतील, लहानग्याला दुपारची झोप कोठे मिळेल, हे प्रश्न निघण्यापूर्वी सोडवले नाहीत, तर ते उन्हात, रांगेत आणि भुकेल्या पोटी सोडवावे लागतात. आणि त्या स्थितीत सुज्ञ माणसाचाही फैसला बिघडतो.

आमच्या घरी या बाबतीत सूनबाईंनी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. मोठ्या राइडवर बसण्यासाठी मुलाची उंची अमुक इतकी असावी लागते, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते. निघण्याच्या बरेच दिवस आधी त्यांनी तिन्ही नातवंडांना दाराच्या चौकटीशी उभे केले आणि पेन्सिलीने खुणा केल्या. धाकटा चार बोटे कमी भरला. तो रडला, रुसला, जेवणावरून उठून गेला; परंतु हे सारे घरी झाले, आजीच्या मांडीवर झाले, आणि दोन दिवसांनी तोच आपण होऊन विचारू लागला, की मग मला कशात बसता येईल? हाच नकार त्याला हजार अनोळखी माणसांच्या देखत, फाटकावर, भावंडे आत जात असताना मिळाला असता, तर तो दिवस त्याच्यापुरता तेथेच संपला असता. योजना करणे म्हणजे काय, तर जी दुःखे टळणार नाहीत, ती सोसण्याजोग्या जागी आणि सोसण्याजोग्या वेळी आणून ठेवणे. ही केवढी माया आहे, हे वेळापत्रकाला नावे ठेवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

त्यांच्या ध्यानात आणखीही एक गोष्ट येत नाही. 'आपण काही ठरवायचे नाही, जसे सुचेल तसे करू,' असे जेव्हा घरातला कर्ता पुरुष म्हणतो, तेव्हा ठरवण्याचे काम नाहीसे होत नाही. ते मुकाट्याने दुसऱ्या कोणाच्या तरी शिरावर जाते. पाण्याच्या बाटल्या, जादा कपडे, गाडी लागणाऱ्यासाठी गोळ्या आणि आवळासुपारी, डब्यातल्या दशम्या आणि चटणी, टॉवेल, उन्हाच्या टोप्या, ही सारी तरतूद कोणीतरी रात्री जागून केलेली असते, म्हणून बाकीच्यांना मोकळे हिंडता येते. ती करणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री असते, आणि सुटीच्या त्या दिवशी तिला स्वतःला सुटी नसते. एकाची उत्स्फूर्तता जर दुसऱ्याच्या अदृश्य श्रमांवर उभी असेल, तर तिला स्वातंत्र्य हे नाव देण्यास मी तयार नाही.

इतके सांगितल्यावर, योजनेच्या पक्षाकडून एक मोठा अन्याय होतो, तोही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. तिकिटे माणशी असतात, ती महाग असतात, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाने त्यासाठी महिनोन्‌महिने काटकसर केलेली असते. त्यामुळे फाटकातून आत पाऊल पडताच पैसे वसूल करण्याची एक घाई मनाचा कबजा घेते. मग सकाळच्या प्रहरात अमुक राइड झाल्याच पाहिजेत, दुपारी तमुक खेळ चुकता कामा नये, आणि कोणी पाणी पिण्यास थांबले तरी हिशेबात तूट आल्यासारखे वाटू लागते. मुले पुढे ओढली जातात, वृद्ध मागे राहतात, छायाचित्रे मात्र भराभर निघत असतात. माझ्या मते सहलीचा खरा शत्रू ही वसुलीची बुद्धी आहे. आणि गमतीची गोष्ट अशी, की ती ठरवून जाणाऱ्याला जशी ग्रासते, तशीच न ठरवता जाणाऱ्यालाही ग्रासते, कारण ज्याने काहीच ठरवलेले नसते, त्याला प्रत्येक वळणावर आपले काहीतरी हुकते आहे असा भास होत राहतो. सोबतीसाठी केलेली योजना आणि वसुलीसाठी केलेली योजना यांचे कागद वरून सारखेच दिसतात. फरक एवढाच, की पहिल्या कागदावर मोकळ्या जागा असतात आणि दुसऱ्यावर नसतात.

सूनबाईंच्या कागदावर तशी एक जागा होती. मोठी दोघे आईवडिलांबरोबर उंच रोलर कोस्टरकडे गेली, तो वेळ धाकट्याचा आणि आजीचा, एवढेच तेथे लिहिले होते. त्या वेळात काय करायचे, हे लिहिलेले नव्हते. इमॅजिकात पाण्यातून जाणारी एक राइड राजासोरस या डायनासोरच्या नावाने आहे. त्या पाटीशी धाकटा थबकला आणि त्याने मला नाव वाचून दाखवायला लावले. हा प्राणी कल्पनेतला नाही; गुजरातेत राहिओली येथे सापडलेल्या अस्थींवरून २००३मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि राजासोरस नर्मदेन्सिस असे त्याचे नामकरण झाले, हे मी त्याला सांगितले. 'आजी, म्हणजे हा आपल्याकडचाच का गं? तुझ्या नर्मदेवरचा?' एवढे त्याने विचारले मात्र, आणि आमच्या सौभाग्यवती, ज्या सकाळपासून पायांच्या दुखण्याने गप्प होत्या, त्या ओंकारेश्वरच्या घाटाविषयी, नावेविषयी आणि तेथल्या अफाट पात्राविषयी बोलू लागल्या. शेजारच्या बाकावर सांगलीकडचे एक कुटुंब होते. त्यांच्या मुलीही येऊन बसल्या. मोठी मंडळी परत आली, तेव्हा नर्मदेच्या काठी डायनासोर कोणत्या बाजूने पाणी पीत असतील, यावर तेथे जोरात मसलत चालू होती, आणि त्या चर्चेत आमचे रोलर कोस्टरवरून उतरलेले वीरही रंगून गेले. पुढच्या राइडची वेळ झाली आहे, असे कोणीही म्हणाले नाही. हा प्रसंग योजता आला नसता. परंतु त्याला जागा योजनेनेच ठेवली होती.

नाशिककराला या विषयाचे मर्म समजण्यास फार दूर जावे लागू नये, कारण अफाट समुदायाची व्यवस्था आणि त्या समुदायातल्या प्रत्येकाच्या मनातला भाव, यांचा मेळ घालण्याचे काम या शहराच्या वाट्याला दर बारा वर्षांनी येते. २००३च्या सिंहस्थात येथे चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांनी प्राण गमावले. योजनेतील उणिवेची किंमत किती भयंकर असू शकते, हे त्या दिवशी या गावाने पाहिले. पुढे २०१५च्या सिंहस्थात २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक झाला, की भाविकांना दूरवरून पायपीट करावी लागली आणि अपेक्षेइतकी गर्दीच झाली नाही. त्यानंतरच्या पर्वणीला तो सैल करण्यात आला. एकाच शहराने दोन्ही टोके अनुभवली. माणसांचे प्राण जपण्यासाठी व्यवस्था हवी, यात तडजोड नाही. परंतु ज्या स्नानासाठी माणूस आला, ते स्नानच जर व्यवस्थेमुळे दुरावू लागले, तर व्यवस्थेने आपला पसारा आवरता घ्यावा, हाच त्या अनुभवाचा धडा आहे.

आणि या दोन टोकांच्या मधला मार्ग तर आपल्या दारावरूनच जातो. दरवर्षी ज्येष्ठात संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, नाशिकला येते आणि सिन्नरमार्गे पंढरपूरची वाट धरते. कोणत्या रात्री कोणते गाव, हे आधीच ठरलेले असते; तेथली माणसे त्या दिवसाची वाट पाहत पिठले-भाकरी घेऊन उभी असतात. दिंडीत विणेकऱ्याची जागा ठरलेली, टाळकऱ्यांच्या रांगा ठरलेल्या, चोपदाराचा शब्द अखेरचा. मात्र दोन मुक्कामांच्या मध्ये वारकरी कोणता अभंग उचलून धरील, कोणाच्या पायांत अवचित फुगडी येईल, कोण कोणाचे ओझे आपल्या खांद्यावर घेईल, याचा जाबता कोणी लिहून ठेवलेला नाही. रात्रीच्या निवाऱ्याची चिंता नाही म्हणून दिवसा नाचता येते. शिस्त आणि आनंद यांच्यातले भांडण सोडवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी शोधलेली ही रीत इतकी व्यवहार्य आहे, की ती आठ तासांच्या कौटुंबिक सहलीलाही जशीच्या तशी लागू पडावी.

तिचा व्यवहारातला अर्थ असा, की जे एकदा चुकले तर दिवसात पुन्हा सुधारता येत नाही, ते पक्के ठरवावे: प्रवास, तिकिटांचा दिवस, उंचीचे नियम, औषधे, दुपारच्या जेवणाची वेळ, चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा, आणि थकलेल्यांना टेकण्याची सोय. प्रत्येकाला त्याच्या मनातली एक, फक्त एकच गोष्ट विचारून घ्यावी आणि ती पार पडेल याची हमी द्यावी. त्यापलीकडचा सारा वेळ ज्याच्या पावलांची गती सर्वांत मंद असेल त्याच्या स्वाधीन करावा. एखादी राइड राहून गेली, तर ती राहू द्यावी. ज्या उद्यानात सारे काही एका दिवसात पाहून होत नाही, तेथे काहीतरी न पाहता परतणे अटळ असते, आणि ते आनंदाने स्वीकारण्याची सवय मुलांना लावणे हेही त्या दिवसाच्या कमाईतच धरावे.

येत्या सुटीत ज्या घरांत असा कागद लिहिला जाईल, त्या घरांतील कर्त्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की कागद लिहिण्यापूर्वी घरातल्या सर्वांत धाकट्याला आणि सर्वांत वृद्धाला आपल्याजवळ बसवून घ्यावे, आणि लिहून झाल्यावर त्यातली कामे मोठ्यांनी आपसांत वाटून घ्यावीत: पाण्याची पिशवी एकाकडे, औषधे दुसऱ्याकडे, वेळेची जबाबदारी तिसऱ्याकडे. तजविजीचा भार ज्या घरात एकाच व्यक्तीच्या डोक्यावर असतो, त्या घरातली सहल एका माणसाला वगळूनच होते, मग तिकिटे कितीही काढलेली असोत. तो भार वाटला गेला, की मोकळा वेळही सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. आणि सगळे घर खऱ्या अर्थाने एकत्र सहलीला गेले, असे त्यानंतरच म्हणता येईल.